गुलाटी शेवटाकडून: नागपुरातल्या एका तिसरीच्या वर्गाचं प्रकरण

नागपुरात कोलांटउडीला मुलं गुलाटी म्हणतात. प्राथमिक शाळेत जिम्नॅस्टिक्स सुरू करायचं ठरलं की पहिला मान गुलाटीचा, आणि पहिली दुखापतही बहुधा तिथलीच. इथे घेतलेलं प्रकरण तिसरीच्या एका वर्गाचं आहे. ते अभ्यासासाठी बेतलेलं असल्यामुळे शाळेला नाव नाही. परिस्थिती मात्र नंदनवन-सक्करदरा पट्ट्यातल्या कुठल्याही साध्या अनुदानित शाळेत सापडेल अशी.

वर्गात ३८ मुलं, वय आठच्या आसपास. प्राथमिकला वेगळा क्रीडाशिक्षक नाही, म्हणून पीटीचा तास वर्गशिक्षिकेकडेच. आठवड्यातून दोनदा, ३५ मिनिटांचा. जागा म्हणजे प्रार्थनेचा हॉल, ३० बाय २२ फूट, खाली शहाबादी फरशी, मधोमध एक खांब. साहित्यात ६ बाय ४ फुटांच्या, दोन इंच जाडीच्या चार मॅट (एकीची शिवण उसवलेली), दोन लांब बाकं, दहा दोऱ्या आणि भरपूर सतरंज्या. शिक्षिकेला स्वतःला गुलाटी येत नाही, आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी मोठ्या मॅडमना सांगितलं होतं.

मोठ्या मॅडमना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, २६ जानेवारीला कार्यक्रम हवा होता: रांगेने गुलाट्या, ओणव्या बसलेल्या तीन मुलांवरून झेप घेऊन गुलाटी, आणि शेवटी चार थरांचा मनोरा. दिवाळीच्या सुट्टीनंतर हातात नऊ आठवडे होते. कागदावर १८ तास.

दुसऱ्या तासाला काय झालं

चारही मॅट एकापुढे एक लावून लांब पट्टा केला होता. अडतीस मुलांची एक रांग, आणि सूचना एकच: “वाक, डोकं खाली ठेव, मार गुलाटी.” बाराव्या-तेराव्या नंबरचा मुलगा वाकला, हात टेकले, सांगितल्याप्रमाणे डोकं खाली ठेवलं आणि तिथेच अडकला. टाळू मॅटवर, बूड अजून खालीच, गुडघे वाकलेले. मदत म्हणून वर्गाच्या मॅडमनी पाठीला हलका रेटा दिला. सगळं वजन वाकलेल्या मानेवर आलं आणि तो एका कुशीवर कोसळला. “मॅडम, मान दुखून राहिली.” त्याला उठवून बसवलं, मानेला बाम चोळला, डावीकडे-उजवीकडे मान वळवायला लावून पाहिली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात, नेऊन दाखवलं. स्नायू आखडला होता, आठवडाभर आराम सांगितला. वडील शाळेत येऊन बोलून गेले आणि गुलाट्या बंद झाल्या.

यात मुलाची चूक एकही नाही. त्याने सांगितलं तेच केलं, आणि सांगितलेलंच उलटं होतं. पुढे मारायच्या गुलाटीत टाळू मॅटला लागायची नसते. हनुवटी छातीला चिकटलेली, बूड डोक्याच्या वर गेलेलं, हातांनी वजन पेललेलं, आणि मॅटला पहिला स्पर्श खांद्यांच्या मागच्या भागाचा. डोक्याची मागची बाजू लागलीच तर निसटती. ‘डोकं खाली’ ऐकलं की आठ वर्षांचं मूल कपाळ किंवा टाळू टेकवतं. सूचना हवी ती ‘बूड वर, हनुवटी छातीला’. शब्द जरा गावठी वाटतो म्हणून काही शाळांत ‘कंबर वर’ म्हणतात. त्याने मुलं पाठ ताठ करतात आणि गुलाटी आणखी बिघडते. बूडच म्हणावं. मुलं एकदा हसतात आणि विसरत नाहीत.

रेटा ही दुसरी चूक. बूड खांद्यांच्या वर जाण्याआधी मागून ढकललं की शरीर फिरत नाही, मान दबते. तिसरी चूक नंतरची. पडल्यावर मान दुखते असं मूल म्हणालं तर उठवायचं नाही, चोळायचं नाही, मान तर वळवून पाहायचीच नाही. आहे तसं पडू द्यायचं, डोकं दोन्ही बाजूंनी हातांनी स्थिर धरायचं, हातापायाची बोटं हलतात का आणि कुठे मुंग्या येतात का ते विचारायचं. दुखणं मानेच्या मधोमध, मणक्यावर असेल किंवा मुंग्या-बधिरपणा असेल तर थेट १०८. इथे निभावलं, पण ते नशिबाने.

रांगेचा हिशोब

एका मुलाची पाळी, येणं-जाणं धरून, २० सेकंदांची. अडतीस मुलांची एक फेरी म्हणजे ७६० सेकंद, पावणेतेरा मिनिटं. ३५ मिनिटांच्या तासातून हॉलपर्यंत येणं, बूट काढणं, अंग मोकळं करणं आणि मॅट उचलणं वजा केलं की २२ मिनिटं उरतात. म्हणजे एका मुलाला एका तासात पावणेदोन गुलाट्या, आणि उरलेला वेळ रांगेत उभं राहून पुढच्याच्या वेण्या ओढणं. पावणेदोन पाळ्यांत कुणाला काही येत नाही. ज्याला घरी गादीवर येत होतं त्याला इथेही येतं, बाकीचे घाबरतात. वर रांगेतला प्रत्येक जण बघत असतो, त्यामुळे अडकलेल्या मुलाला मागे फिरता येत नाही. मॅडमचाही हात ‘लवकर आवर’ म्हणून रेटा देऊ लागतो. त्या दिवशीचा रेटा असा रांगेतून आला होता.

मुलांच्या अंगाचं प्रमाणही लक्षात घ्यावं लागतं. जन्माच्या वेळी डोकं एकूण उंचीच्या पाव हिस्सा असतं, मोठ्या माणसाचं आठवा हिस्सा. प्राथमिकच्या वयात ते दोन्हींच्या मधे कुठेतरी. डोकं मोठं, हात त्या मानाने आखूड. पूर्वी शाळेत नाव घालताना उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता येतो का ते पाहत. वय ठरवायला तो उपाय कच्चाच, पण गुलाटीसाठी आजही कामाचा आहे. ज्याचा हात कानापर्यंत जेमतेम पोहोचतो, त्याने हात टेकून कोपर वाकवला की डोकं मॅटला लागणारच. अशा मुलाला सपाट मॅटवर घाई करायची नाही. या वर्गात अशी सहा मुलं निघाली; मान आखडलेला त्यांतलाच एक.

उलटा क्रम

आठवडाभराने तास पुन्हा सुरू झाले ते गुलाटी शेवटाकडून शिकवायच्या अटीवर. गुलाटीचा शेवटचा भाग, म्हणजे पाठीवरून डोलत येऊन उठणं, मानेला धोक्याचा नाही आणि सगळ्यात जास्त सराव त्यालाच लागतो. सुरुवातीचा भाग, हात टेकून उलटं होणं, सगळ्यात धोक्याचा. तो शेवटी.

पहिली पायरी पाळणा. बसायचं, गुडघे पोटाशी घेऊन नडग्या धरायच्या, हनुवटीखाली घडी केलेला रुमाल दाबायचा. मागे डोलायचं ते खांद्यांची पाती टेकेपर्यंत, आणि तसंच परत यायचं. रुमाल पडला की हनुवटी सुटली, हे मुलाला कुणी सांगावं लागत नाही. इथे कान उघडे ठेवावेत. पाठ गोल असेल तर आवाज येत नाही, सपाट असेल तर ‘धप्’ येतो. धप् यायची कारणं दोन: एक तर मूल मागे जाताना वर छताकडे बघतं, नाहीतर नडग्या आधीच सोडतं. पाळण्याला सतरंजीची चौपदरी घडी पुरते. मॅट अडकवायची गरज नाही, म्हणून बारा-तेरा मुलं एकाच वेळी डोलू शकतात.

दुसरी पायरी, पाळण्यातून उठणं. पुढे येताना नडग्या सोडायच्या, हात समोर लांब करायचे, टाचा बुडाशी. सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती इथे, आणि मागे हात टेकून किंवा पायांची अढी घालून उठतात. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: टाचा बुडापासून लांब राहतात, त्यामुळे वजन पावलांवर येतच नाही, मागेच राहतं. ‘जोर लाव’ म्हणून हे सुटत नाही. टाच आणि बूड यांत एका वितीपेक्षा जास्त अंतर नको, एवढं बघायचं. मागे हात टेकायची खोड मोडायला दोन्ही हातांत एकेक खडू द्यायचा. टेकला तर खडू मोडतो. पहिल्या दिवशी नऊ खडू मोडले, चौथ्या तासाला दोन.

तिसरी पायरी डोंगर. हात आणि पावलं जमिनीवर, बूड वर, गुडघे जवळपास सरळ. मॅडम मुलाच्या पाठीमागे चार पावलांवर उभ्या राहून बोटं दाखवतात आणि मूल पायांमधून बघून ‘तीन!’ ओरडतं. आकडा दिसायचा तर हनुवटी आत जावीच लागते. हाच डोंगर चालता केला की अस्वलचाल होते. त्याने मनगटं आणि खांदे तयार होतात, आणि गुलाटीत वजन हातांवर घेण्याची सवय लागते. त्याआधी मनगटं दोन्ही बाजूंना फिरवून, तळवे जमिनीवर दाबून मोकळी करून घ्यायची.

चौथी पायरी उतार, आणि सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. वर्गातलं एक लाकडी व्यासपीठ, सुमारे फूटभर उंच, भिंतीपासून सहा फूट पुढे ठेवलं. त्याच्यासमोर सतरंज्यांच्या घड्या उतरत्या थरांत रचल्या आणि वर दोन मॅट एकावर एक घातल्या. सहा फुटांत एक फूट उतार. मूल व्यासपीठावर उकिडवं बसतं आणि हात उताराच्या वरच्या टोकाला टेकतं. पावलं हातांपेक्षा वर असल्यामुळे बूड आपोआप खांद्यांच्या वर जातं. उडी मारावी लागत नाही, ढकलावं लागत नाही, आखूड हातही पुरतात. पुढचं काम उतार करतो, आणि शेवटचा भाग तर आधीच पाठ झालेला असतो.

सतरंज्या सैल रचल्या तर चार-पाच मुलांनंतर मधोमध खड्डा पडतो. खांदे तिथे रुततात आणि फिरणं थांबतं. घड्या सुतळीने बांधाव्यात. एका पालकांनी कापसाची जाड गादी आणून दिली होती. ती वापरू नये असं सांगणं जिवावर आलं, पण सांगावं लागलं. मऊ गादीत हात रुततात, डोकं रुततं, अंग पुढे सरकत नाही आणि मान आतच वळते. गुलाटीला घट्ट पृष्ठभाग लागतो.

हात कुठे लावायचा

शिक्षिकेला गुलाटी येत नव्हती याचा इथे काही तोटा झाला नाही. करून दाखवायला वर्गातली दोन मुलं होती, आणि आठ वर्षांच्या मुलाने केलेलं पाहून दुसऱ्या मुलाला जितकं कळतं तितकं मोठ्या माणसाचं पाहून कळत नाही. शिक्षिकेला येणं गरजेचं होतं ते आधार देणं.

मुलाच्या बाजूला एक गुडघा टेकून बसायचं. एक हात डोक्याच्या मागे, हलकाच, हनुवटी आत राहील इतपत. दुसरा हात मांडीच्या मागच्या बाजूला, बुडाच्या जरा खाली, आणि तो वर उचलतो, पुढे ढकलत नाही. वजन मानेवरून उचलून घेणं एवढंच त्या हाताचं काम. मूल फिरलं की दोन्ही हात सोडायचे. मानेचा सांधा, पोट, दंड यांना धरायचं नाही. धरायच्या आधी ‘मी इथे आणि इथे हात लावणार’ हे सगळ्या वर्गासमोर, स्वतःच्या अंगावर दाखवून सांगायचं. एखादं मूल नको म्हणालं तर त्याने पाळणा करावा. पीटीच्या दिवशी साडीऐवजी पंजाबी ड्रेस हा बदल मॅडमनी स्वतःहून केला. पदर सावरत गुडघ्यावर बसणं जमत नाही.

तिसरीच्या मुलांना एकमेकांना आधार द्यायला लावू नये. त्यांनी फक्त खुणा बघाव्यात.

तासाची मांडणी

सुरुवातीला सहा गट, सहा जागा असा बेत होता. दोन तासांत कळलं की दर साडेतीन मिनिटांनी सहा गट हलवण्यातच दम जातो. मग तीन जागा ठेवल्या, प्रत्येक ठिकाणी सात मिनिटं, प्रत्येक गटात बारा-तेरा मुलं. पहिली जागा मॅटची: दोन मॅटचा उतार, शेजारी चार फूट सोडून उरलेल्या दोन मॅट सपाट. उतारावर मॅडम, सपाट मॅटवर त्या दिवशी जे पक्कं झालंय तेवढंच. दुसरी जागा सतरंजीवर पाळणा आणि आकार: टक (गुडघे छातीशी), पाईक (पाय सरळ, कमरेतून वाकलेलं), स्ट्रॅडल (पाय फाकवलेले) आणि पोटावरची होडी. तिसरी जागा जमिनीवर आखलेल्या दोऱ्यांची: दोरीवरून ससाउडी (हात टेकून दोन्ही पाय एकदम उडवणं), अस्वलचाल, आणि लहान उडी मारून उतरणं. दोन्ही बाकं हॉलबाहेर गेली. ती डुगडुगत होती, आणि बाकापाशी एक मोठं माणूस उभं ठेवणं परवडणारं नव्हतं.

या मांडणीत उतारावर आणि सपाटावर मिळून एकेका मुलाला सात मिनिटांत चार ते सहा पाळ्या मिळाल्या, आणि उरलेली चौदा मिनिटंही हातपाय चालूच राहिले. मॅडमची पाठ भिंतीकडे, तोंड हॉलकडे. भिंतीजवळ सोडलेले सहा फूट त्यासाठीच. मॅटच्या जागेवर असताना इतर दोन्ही जागा नजरेत राहायला हव्यात, आणि मधला खांब आड येतो म्हणून उतार खांबाच्या विरुद्ध कोपऱ्यात.

उडी मारून उतरण्याबद्दल थोडक्यात: चवडा आधी, मग टाच, गुडघे वाकलेले आणि पावलांच्या रेषेत, तीन मोजेपर्यंत पाय हलू द्यायचा नाही. शहाबादी फरशीवर आठ-दहापेक्षा जास्त उड्या नकोत. काही मुलींना कार्टव्हील, म्हणजे हातांवरून बाजूला चाकासारखं फिरणं, हवं होतं. त्यांना दोरीवरून आडवी ससाउडी दिली, पुढचं चौथीत.

मॅट चौघांनी चार कोपरे धरून उचलायच्या. ओढल्या की शिवण जाते. उसवलेली मॅट मोटारसायकलच्या सीट शिवणाऱ्या कारागिराकडून दुहेरी टाका घालून घेतली. रेग्झिनचं काम त्याच्या हातचं असतं, क्रीडासाहित्याच्या दुकानात पाठवायची गरज नाही. फरशी ओल्या फडक्याने पुसून, वाळवून मगच मॅट टाकायच्या. खाली धूळ असली की मॅट सरकते. दोन मॅट शेजारी लावल्या तर मधली फट पायाच्या अंगठ्याला आणि बोटांना धरते, म्हणून एकतर घट्ट बांधायच्या, नाहीतर सरळ लांब ठेवायच्या.

पालकांना पाठवलेला कागद

तास पुन्हा सुरू करण्याआधी एक पानी कागद घरी गेला. त्यात नेहमीचं होतं: अलीकडचं फ्रॅक्चर, फिट, दमा, कान वाहणं, हर्निया. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो, म्हणून डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय त्यांना गुलाटी नाही, हेही होतं.

विदर्भात आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा, आणि पीटीच्या कागदात तो क्वचितच असतो: सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेपासून तपासणीची कार्डं बऱ्याच घरांत आहेत, ती शाळेत मात्र कुणी मागत नाही. या वर्गात एक मुलगी रुग्ण आणि एक मुलगा वाहक निघाला. वाहक मुलांना सहसा काही अडत नाही, पाणी मात्र वेळेवर हवं. रुग्ण मुलीचं तसं नाही. अंगातलं पाणी कमी होणं, दमछाक आणि एकदम गारठा यांनी तिला वेदनांचा झटका येऊ शकतो. पाणथरी (प्लीहा) वाढलेली असेल तर पोटाला धक्का बसेल असं काहीही नको, आणि गुलाटीत मांड्या पोटावर दाबल्या जातात. म्हणून डॉक्टरांना नेमका हाच प्रश्न लिहून विचारला. पाणथरी वाढलेली नव्हती, परवानगी मिळाली. तिची बाटली मॅटशेजारी, पाळ्या किती घ्यायच्या ते ती ठरवणार, शर्यतीचा खेळ नाही, आणि सकाळच्या थंडीत स्वेटर अंग गरम झाल्यावरच काढायचा. हातपाय किंवा पाठ दुखते म्हणाली तर ‘आळस करते’ असं समजायचं नाही, लगेच थांबवून घरी कळवायचं.

अंगावरच्या वस्तूंचा प्रश्न छोटा वाटतो, पण रोज येतो. मोजे काढायचे, कारण फरशीवर घसरतात. वेण्यांच्या रिबिनी चालतील, चाप आणि हेअरबँड नको. गळ्यातला ताईत किंवा काळा दोरा काढायला सांगितलं तर घरून नाराजी येते. काढायचा नसेल तर दोरा मागे घेऊन ताईत पाठीवर येतो, आणि पाठीवरच लोळायचं असतं! त्यापेक्षा समोर, गळपट्टीच्या हाडाखाली कागदी चिकटपट्टीने चिकटवावा. करदोट्याला किल्ली किंवा लोखंडी पेटी अडकवलेली नाही ना तेवढं बघावं. फ्रॉक घालणाऱ्या मुलींना त्या दिवशी ट्रॅकपँट.

आणि तास जेवणाआधी. आधीच्या वेळापत्रकात तो पोषण आहाराच्या खिचडीनंतर लगेच होता. भरल्या पोटी उलटं केल्यावर काय होतं ते हॉल पुसणाऱ्या मावशींना विचारावं. तास बदलता येत नसेल तर मधे निदान दीड तास हवा.

मोठ्या मॅडमशी बोलणं

तारीख हलणार नव्हती, कार्यक्रम हलू शकत होता. तीन मुलांवरून झेप घेऊन गुलाटी पहिल्यांदा वगळली. झेपेच्या गुलाटीत शरीर हवेतून येतं आणि तो वेग हातांनी थोपवून मग वाकायचं असतं. या वयात खांद्यांत तेवढी ताकद नसते, हात वाकले की टाळूवर पडणं ठरलेलं. शिवाय खाली बसलेल्या तिघांच्या मानाही तिथेच असतात. जळत्या रिंगणातून उडीची सूचना एका संचालकांकडून आली होती. तिच्यावर फार वेळ गेला नाही.

मनोऱ्यावर मात्र बराच वाद झाला, कारण मनोऱ्याला टाळ्या मिळतात. शेवटी दहीहंडीचा दाखला कामाला आला. तिथे हेल्मेट, दोर आणि अनुभवी गोविंदा असूनही १४ वर्षांखालच्या मुलांना थरांवर मनाई आहे, मग आठ वर्षांची मुलं शाळेने चार थरांवर कुठल्या हिशोबाने चढवायची? तीन-तीन मुलांचा, दोनच थरांचा आकार ठरला: खाली दोघं शेजारी-शेजारी घोडा करून, वर एक जण गुडघ्यांवर. वरच्याचे गुडघे खालच्यांच्या कमरेच्या हाडावर आणि हात खांद्यांवर. पाठीच्या मधोमध वजन अजिबात नाही, तिथे कणा खाली झुकतो. उतरताना मागे उडी न मारता एकेक पाय जमिनीवर.

गुलाटीची रांग गेली. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्याला जे पक्कं येतं ते एकाच वेळी करायचं ठरलं. लांबून पाहणाऱ्याला पाळण्यातून उठणारं मूल आणि गुलाटीतून उठणारं मूल यांत फारसा फरक दिसत नाही. हे मोठ्या मॅडमना तालमीत दाखवल्यावरच पटलं.

२६ जानेवारी

झेंडावंदन उघड्या मैदानावर, सकाळी. गवतावर दव, म्हणून खाली ताडपत्री आणि वर मॅट. ताडपत्री टाकण्याआधी मुलांनी रांगेने चालून खडे वेचले. उतारासाठी व्यासपीठ मैदानावर आणलं नाही. असमान जमिनीवर ते डुगडुगतं, म्हणून ज्यांची गुलाटी उतारावरच होती त्यांनी पाळणा केला. भाषणं पाऊण तास चालली. गारठ्यात तेवढा वेळ उभी राहिलेली मुलं थेट मॅटवर गेली असती तर मनगटं आणि मान आखडलेलीच राहिली असती. म्हणून शेवटचं भाषण सुरू असतानाच मुलांना इमारतीमागे नेऊन चार मिनिटं जागच्या जागी धावणं, मनगटं, पाळण्याचे पाच फेरे. स्वेटर तिथेच काढले.

नोंदवहीत काय राहिलं

‘येते’ आणि ‘येत नाही’ असे रकाने नव्हते. प्रत्येक मुलापुढे तीन खुणा: ‘ह’ म्हणजे हनुवटी पूर्ण वेळ छातीला, ‘ख’ म्हणजे पहिला स्पर्श खांद्यांच्या मागच्या भागाचा, ‘उ’ म्हणजे हात न टेकता उठणं. उतारावर ‘ह’ आणि ‘ख’ सलग तीनदा दिसल्याशिवाय सपाट मॅट नाही. सुट्ट्या आणि चाचण्या जाऊन प्रत्यक्ष तेरा तास मिळाले. शेवटी २४ मुलांच्या तिन्ही खुणा सपाट मॅटवर होत्या. ९ मुलं नीट फिरत होती पण उठताना हात टेकत होती. त्यांचा दोष गुलाटीत नव्हता, टाचांत होता, त्यामुळे त्यांना गुलाट्या वाढवून न देता पाळणा परत दिला. ५ उतारावरच राहिली.

हे पान वर्षाअखेरीला चौथीच्या मॅडमकडे जाणार. त्यावर वरच लिहिलं आहे: मागे मारायची गुलाटी सुरू केलेली नाही. त्यात शरीर मानेवरूनच पलटतं, आणि कानाजवळ तळवे टेकून ते वजन उचलण्याइतके हात या वर्गात सात-आठ मुलांचेच आहेत.

त्या पाचांपैकी ज्या मुलाची मान आखडली होती, तो उतारावर तिन्ही खुणा दाखवतो, सपाट मॅटवर आला की “मले भेव लागते” म्हणून थांबतो. त्याच्या नावापुढे नोंद आहे: उतार चालू ठेवा, दर दोन तासांनी एक सतरंजी कमी.